जुन्या डिस्कमध्ये राहिलेले दार : लिनक्स बसवल्यानंतर सुरू न होणाऱ्या संगणकाचा प्रकरण अभ्यास

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि मिलिंगची कामे करणारा एक छोटा कारखाना आहे. त्याच्या कार्यालयातील संगणकावर लिनक्स ही विंडोजला पर्याय असलेली प्रणाली बसवल्यानंतर तो नऊ दिवस व्यवस्थित चालला आणि दहाव्या दिवशी सकाळी सुरूच झाला नाही. काळ्या पडद्यावर एकच सूचना उमटत होती : ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, म्हणजे योग्य बूट साधन निवडून संगणक पुन्हा सुरू करा. अशा वेळी बहुतेक जण पेनड्राइव्ह लावून सगळे पुन्हा इन्स्टॉल करतात, आणि खरे सांगायचे तर या प्रकरणात तसे केले असते तरी संगणक सुरू झाला असता. परंतु नऊ दिवसांतील कोटेशने आणि जॉबच्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या, बिघाडाचे कारण कळले नसते, आणि त्याच कारखान्यातील ज्या आणखी दोन संगणकांवर लिनक्स बसवायचे ठरले होते त्यांच्याबाबतीत हाच प्रसंग पुन्हा ओढवला असता. म्हणून या दुरुस्तीची नोंद सविस्तर करणे मला आवश्यक वाटते.

संगणक जुना होता : चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क, जिच्यावर विंडोज १० होते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत अटींमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप तसेच इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागत असल्यामुळे हे यंत्र त्या यादीत बसत नव्हते. कार्यालयाचे काम ग्राहकांकडून आलेली पीडीएफ व डीएक्सएफ ड्रॉइंग उघडणे, ई-मेल पाहणे, कोटेशन लिहिणे आणि ब्राउझरमधून जीएसटीचे व्यवहार करणे एवढेच होते, त्यामुळे लिनक्सकडे वळण्याचा निर्णय माझ्या मते योग्यच होता. मालकांचा पुतण्या डिप्लोमाचे शिक्षण घेतो. त्याने नवी २४० जीबीची एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून तिच्यावर उबुंटूच्या कुळातील एक वितरण, म्हणजे लिनक्सचा एक तयार संच, स्वतः इन्स्टॉल केले. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे स्वतंत्र भाग, त्याने हाताने पाडले होते : संगणक सुरू करून देणाऱ्या फाइलींसाठी ५१२ एमबीचे ईएफआय पार्टिशन आणि उरलेल्या जागेत एक्स्ट४ या लिनक्सच्या स्वरूपाचे मूळ पार्टिशन. बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, कोठे बसवायचा असे विचारणाऱ्या चौकटीत त्याने एसएसडीच निवडली होती. पुढे घरात त्याला बरेच बोलणे ऐकावे लागले, म्हणून हे येथेच नमूद करतो की इन्स्टॉलेशनच्या पायऱ्यांमध्ये त्याची चूक मला आढळली नाही.

पहिल्या भेटीत मालकांनी सांगितले, “सर, काल संध्याकाळपर्यंत चालू हुता. आम्ही कशाला हात बी लावला न्हाई.” त्यांच्या दृष्टीने हे खरेच होते.

संगणक सुरू होत नाही ही तक्रार फार मोघम असते. तो नेमका कोणत्या टप्प्यावर थांबतो हे आधी ठरवावे लागते. वीजपुरवठा आणि मेमरी तपासून झाल्यावर मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजे त्यात कायम असलेला प्रारंभिक प्रोग्राम, बूटलोडर शोधते, बूटलोडर (येथे ग्रब नावाचा) लिनक्सचा गाभा असलेला कर्नल आणि त्यासोबतची प्रारंभिक रॅमडिस्क (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा संच) मेमरीत आणतो, कर्नल मूळ पार्टिशन जोडतो, आणि त्यानंतर सिस्टमडी उरलेली पार्टिशने व सेवा एकेक करून सुरू करते. या साखळीत जेथे खंड पडतो तेथील सूचना त्या टप्प्याच्या भाषेत येते. ग्रब सुरू होऊन स्वतःच्या फाइली सापडल्या नसत्या तर ‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट दिसला असता, आणि मूळ पार्टिशन सापडले नसते तर कर्नल पॅनिक (कर्नल थांबल्याची सूचना) किंवा रॅमडिस्कचा छोटा शेल (आज्ञा लिहिण्याचा पडदा) समोर आला असता. आपल्यापुढची सूचना फर्मवेअरची होती, याचा अर्थ ग्रबपर्यंत गोष्ट पोहोचलीच नव्हती. लिनक्स बिघडले असे म्हणायला त्यामुळे काहीच आधार नव्हता, कारण लिनक्सची एकही ओळ त्या सकाळी चालली नव्हती.

उद्यमनगरातील संगणकांत लोखंडाची काळी, बारीक धूळ बसते, त्यामुळे कॅबिनेट उघडून ब्लोअर मारणे आणि रॅम काढून पुन्हा बसवणे हे मी आधी उरकून घेतले. फरक पडला नाही. फर्मवेअरच्या पडद्यावर साटा, म्हणजे डिस्क जोडण्याच्या, पोर्टच्या यादीत एसएसडीचे नाव दिसत होते, बूट क्रमाच्या यादीत मात्र नेटवर्कखेरीज काहीच नव्हते. एसएसडी जिवंत आहे पण तिच्यावर सुरू करण्यासारखे काही सापडत नाही, एवढाच याचा अर्थ. सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेला बूटलोडर चालू देणारी सोय) बंद होते, आणि बूट पद्धत यूईएफआय (नवी) व लेगसी (जुनी, बायोसची) अशा दोन्हींना परवानगी देणारी होती.

याच दुहेरी परवानगीमुळे माझा अर्धा तास गेला. लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालते असा) लावून बूट मेन्यू उघडल्यावर त्यात एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा साध्या नावाने आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लिहून. मी वरची साधी नोंद निवडली. डेस्कटॉप दोन्ही वाटांनी सारखाच उघडतो, त्यामुळे लगेच काही जाणवले नाही. एसएसडीचे मूळ पार्टिशन जोडून मी लाइव्ह सत्रातूनच ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा चालवली, तेव्हा या जीपीटी (नव्या पद्धतीचा पार्टिशन-तक्ता असलेल्या) डिस्कवर बायोस बूट पार्टिशन नसल्यामुळे ग्रब बसवता येणार नाही, असा इशारा आला. त्या इशाऱ्याने माझी चूक दाखवून दिली. लेगसी वाटेने सुरू झालेल्या सत्रात ग्रब जुन्या पद्धतीने बसू पाहतो. त्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये सुरुवातीच्या कोडसाठी ४४६ बाइट असतात, आणि ग्रबचा पुढचा भाग त्या सेक्टरमागच्या मोकळ्या जागेत ठेवला जातो. जीपीटी डिस्कवर ती जागा पार्टिशनच्या तक्त्याने व्यापलेली असल्यामुळे त्यासाठी वेगळे छोटे पार्टिशन लागते. आज्ञा स्वतःहून थांबली म्हणून डिस्कच्या सुरुवातीच्या भागात काही लिहिले गेले नाही, हे सुदैव. तेव्हापासून मी लाइव्ह सत्र उघडल्याबरोबर ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ ही डिरेक्टरी आहे की नाही ते पाहतो. ती असेल तर सत्र यूईएफआय वाटेने सुरू झालेले असते, नसेल तर संगणक पुन्हा सुरू करून दुसरी नोंद निवडावी.

योग्य वाटेने पुन्हा आल्यावर एसएसडीवरील ५१२ एमबीचे ईएफआय पार्टिशन जोडून पाहिले. ते पूर्ण रिकामे होते. फाइल खराब झालेली नव्हती की अर्धवट लिहिलेली नव्हती, एकही फोल्डर तेथे नव्हते.

या रिकामेपणाने माझा सगळा अंदाज बदलला. संगणक नऊ दिवस रोज सुरू होत होता, म्हणजे बूटलोडर कोठे तरी नक्कीच होता. तो येथून पुसला गेला असेल असे मानायला काही खूण दिसत नव्हती, तेव्हा तो येथे कधी नव्हताच असे मानणे अधिक सरळ होते. मूळ पार्टिशनवरील एफएसटॅब ही फाइल उघडली. कोणते पार्टिशन कोठे जोडायचे याची ती यादी असते, आणि या वितरणाचा इन्स्टॉलर प्रत्येक ओळीच्या वर इन्स्टॉलेशनच्या वेळी ते पार्टिशन कोणते होते याची टीप इंग्रजीत लिहून ठेवतो. मूळ पार्टिशनच्या टिपेत ‘एसडीबी२’ असे होते, तर ईएफआय पार्टिशनच्या टिपेत ‘एसडीए१’. अक्षर वेगळे म्हणजे डिस्क वेगळी. पुढच्या ओळीतील आठ अंकाक्षरांचा क्रमांक एसएसडीवरील ईएफआय पार्टिशनच्या क्रमांकाशी जुळत नव्हता, आणि तो क्रमांक असलेले पार्टिशन त्या क्षणी संगणकात कोठेच नव्हते.

पुन्हा कॅबिनेटमध्ये नीट पाहिले. साटाची एक केबल आणि वीजपुरवठ्याचा एक कनेक्टर मोकळे लोंबत होते, आणि डिस्कच्या खणात काळ्या धुळीच्या मधोमध एक स्वच्छ आयताकृती जागा होती. पहिल्या वेळी ब्लोअर मारताना या गोष्टी माझ्या नजरेतून सुटल्या होत्या.

“काका, इथं आणखी एक डिस्क होती का?” असे विचारल्यावर मालकांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जुनी हार्ड डिस्क काढून दाखवली. “ही तर विंडोजची, सर. हिचा त्या लिनक्सशी काय संबंध?”

त्यांनी ती काढण्यामागे कारण होते. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरांनंतर शहरातील अनेकांनी कागदपत्रे एकाच जागी न ठेवण्याचा धडा घेतला, तसा त्यांनीही घेतला होता. ड्रॉइंगची एक प्रत गारगोटीला बहिणीच्या घरी ठेवायची म्हणून आदल्या संध्याकाळी, संगणक बंद केल्यावर, त्यांनी ती डिस्क स्वतः काढली होती. ड्रॉइंग एसएसडीवर आधीच उतरवून घेतलेली असल्याने जुन्या डिस्कची संगणकाला आता गरज नाही, हा त्यांचा तर्कही चुकीचा नव्हता. त्यामुळेच ‘हात लावला नाही’ हे उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे दिले होते. आता पहिल्या प्रश्नातच मी ‘काही बदलले का’ असे न विचारता ‘गेल्या दोन दिवसांत कॅबिनेट कोणी उघडले का’ असे विचारतो.

त्यांच्या ‘काय संबंध’ या प्रश्नातच प्रकरणाचा गाभा होता, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो. यूईएफआय फर्मवेअरला एक्स्ट४ किंवा विंडोजचे एनटीएफएस वाचता येईलच असे नसते. त्याला हमखास वाचता येते ते फॅट स्वरूप. म्हणून प्रत्येक प्रणालीने आपला बूटलोडर फॅट स्वरूपाच्या एका लहान पार्टिशनमध्ये ठेवायचा असा संकेत आहे, आणि तेच ईएफआय पार्टिशन. एका पार्टिशनमध्ये अनेक प्रणालींची फोल्डरे शेजारी शेजारी राहू शकतात. कोणत्या पार्टिशनमधील कोणती फाइल चालवायची याची नोंद मदरबोर्डवरील कायम स्मृतीत असते, आणि त्या नोंदीत पार्टिशनचा जागतिक क्रमांक व फाइलचा मार्ग दोन्ही लिहिलेले असतात. उबुंटूच्या कुळात तो मार्ग ‘उबुंटू’ नावाच्या फोल्डरातील शिम या फाइलकडे जातो. शिम ग्रबला उठवतो. तेथील चिमुकली मांडणी-फाइल फक्त ‘अमुक क्रमांकाचे मूळ पार्टिशन शोध’ एवढे सांगते, आणि मग ग्रब एसएसडीवर जाऊन खरा मेन्यू वाचतो. याचा अर्थ असा की सगळे लिनक्स एका डिस्कवर आणि त्याचा पहिला उंबरठा दुसऱ्या डिस्कवर अशी स्थिती सहज शक्य आहे, आणि दोन्ही डिस्का जोडलेल्या असेपर्यंत वापरणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

तशी स्थिती इन्स्टॉलरने निर्माण केली होती. यूईएफआय पद्धतीत त्या इन्स्टॉलरमधील ‘बूटलोडर कोठे बसवायचा’ ही चौकट दिसते, पण तिच्यातील निवड पाळली जात नाही. पहिल्या डिस्कवर आधीपासून ईएफआय पार्टिशन सापडले की तो तेच वापरतो. या कुळात ही अडचण कित्येक वर्षे माहीत असलेली आहे. पुतण्याने चौकटीत एसएसडी निवडली, तिच्यावर नवे ईएफआय पार्टिशनही पाडले, आणि तरी ग्रब गेला विंडोजच्या डिस्कवरील १०० एमबीच्या जुन्या पार्टिशनमध्ये. खात्रीसाठी जुनी डिस्क यूएसबी अडॅप्टरने माझ्या लॅपटॉपला लावली आणि केवळ वाचण्यापुरती जोडली. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डराशेजारी ‘उबुंटू’ हे फोल्डर होते, आणि त्यातील फाइलींची तारीख लिनक्स बसवल्याच्या दिवसाची होती. मी मालकांना म्हणालो, “काका, घर नवीन बांधलं, पण त्याचं दार जुन्या घरातून उघडत होतं. जुनं घर तुम्ही उचलून कपाटात ठेवलंत.” पुतण्याकडे पाहून ते काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी त्याला चहा सांगायला पाठवले.

जुनी डिस्क पुन्हा लावून ठेवणे हा सोपा मार्ग होता. तो मी स्वीकारला नाही, कारण दहा वर्षे फिरलेल्या डिस्कवर रोजचे काम टांगून ठेवणे मला पटत नाही, आणि ड्रॉइंगची प्रत दुसऱ्या गावी ठेवण्याचा मालकांचा हेतू चांगला होता.

दुरुस्तीआधी एसएसडीवरील होम फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. मग लाइव्ह सत्रात एसएसडीचे मूळ पार्टिशन जोडले, त्याच्या आतील ‘/बूट/ईएफआय’ या जागी एसएसडीचे रिकामे ईएफआय पार्टिशन जोडले, लाइव्ह सत्राच्या डेव्ह, प्रॉक आणि सिस या डिरेक्टरी आत बांधल्या आणि सीएचरूट या आज्ञेने इन्स्टॉल केलेल्या प्रणालीत शिरलो. येथे एक बारकावा आहे. सिस डिरेक्टरी नुसत्या साध्या ‘बाइंड’ने जोडली तर तिच्या पोटातील ईएफआय चलांची वेगळी जोडणी आत येत नाही आणि मदरबोर्डच्या स्मृतीत नोंद लिहिता येत नाही, तेव्हा ‘आरबाइंड’ वापरावे किंवा ती जोडणी वेगळी करावी. आत गेल्यावर एफएसटॅबमधील ईएफआयच्या ओळीत एसएसडीवरील पार्टिशनचा क्रमांक लिहिला, ग्रब-इन्स्टॉल आणि त्यानंतर अपडेट-ग्रब चालवले, आणि ईएफआयबूटमॅनेजर या साधनाने नवी नोंद झाल्याचे पाहिले. डिस्क नाहीशी झाल्यावर तिची नोंद काढून टाकण्याची काही फर्मवेअरची सवय असते, त्यामुळे जुनी नोंद आधीच गेलेली होती. ईएफआय पार्टिशनमध्ये ‘बूट’ फोल्डरात ‘बूटएक्स६४’ ही फाइल आहे हेही तपासले. मदरबोर्डवरील नोंद कधी पुसली गेली तर फर्मवेअर याच ठरलेल्या नावाची फाइल शोधते, त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर तिचा मोठा आधार असतो.

पेनड्राइव्ह काढून संगणक सुरू केला. ग्रबचा मेन्यू आला, कर्नल चालू झाला, आणि मग पडदा थांबला. एका डिस्कची वाट पाहत असल्याची ओळ येऊन दीड मिनिट मोजले गेले आणि शेवटी इमर्जन्सी मोड (दुरुस्तीपुरता मर्यादित पडदा) उघडला.

मालकांना वाटले पुन्हा तेच झाले. वास्तविक साखळी आता शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचली होती, आणि हा दुसरा, स्वतंत्र बिघाड होता, जो पहिल्याच्या आड इतका वेळ दिसला नव्हता. लिनक्सवर आल्यानंतरचे पहिले काही दिवस जुन्या डिस्कवरील ड्रॉइंग थेट उघडता यावीत म्हणून पुतण्याने एफएसटॅबमध्ये तिच्या एनटीएफएस पार्टिशनची एक ओळ हाताने लिहिली होती, आणि ड्रॉइंग एसएसडीवर आणल्यावर ती काढायची राहिली होती. ईएफआयची ओळ दुरुस्त करण्याच्या नादात मी तिच्याखालची ही ओळ वाचली नव्हती. एफएसटॅबमधील पार्टिशन सापडले नाही तर सिस्टमडी सामान्यतः ९० सेकंद थांबते, आणि ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय नसेल तर ती पुढे जाण्यास नकार देते. इमर्जन्सी मोडमध्येच फाइल उघडून ती ओळ निष्प्रभ केली आणि संगणक पुन्हा सुरू केला. या वेळी डेस्कटॉप उघडला. एक ग्राहक सकाळपासून ज्या फ्लँजच्या ड्रॉइंगसाठी फोन करत होता, ते पुतण्याने सर्वांत आधी छापून लेथवर पाठवले.

एकदा सुरू झाला म्हणजे दुरुस्त झाला असे मी धरत नाही. वीज पूर्ण काढून, पाच मिनिटे थांबून, तीनदा थंड अवस्थेतून सुरू केला. मदरबोर्डवरील सीआर२०३२ बॅटरी जुनी होती. ती बदलली, फर्मवेअरच्या सगळ्या मांडण्या मूळ स्थितीवर आणल्या आणि तरीही संगणक आपोआप एसएसडीवरून उठतो हे पाहिले. ही शेवटची चाचणी उद्यमनगरासारख्या ठिकाणी करणे मला आवश्यकच वाटते, कारण बॅटरी मेली की मांडण्या मूळपदावर जातात, आणि तो दिवस नेमका कामाच्या घाईचा असतो.

पुढच्या आठवड्यात उरलेल्या दोन संगणकांवर लिनक्स बसवले ते पुतण्यानेच, मी बाजूला बसून होतो. पहिल्यात इन्स्टॉल करण्याआधी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली आणि काम पूर्ण झाल्यावर परत लावली. समोर एकच डिस्क असेल तर इन्स्टॉलरला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही. दुसऱ्यात डिस्क अशा जागी होती की केबलपर्यंत हात पोहोचत नव्हता, म्हणून फर्मवेअरमधून तिचा साटा पोर्टच तात्पुरता बंद केला. लॅपटॉपवर हे दोन्ही सहसा जमत नाही. तेथे लाइव्ह सत्रात जीपार्टेड या पार्टिशन हाताळण्याच्या साधनाने जुन्या ईएफआय पार्टिशनवरील ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ या खुणा काढाव्यात, इन्स्टॉलेशन करावे आणि त्यानंतर त्या न विसरता परत लावाव्यात, नाहीतर विंडोज सुरू होण्यात अडथळा येऊ शकतो.

जुनी डिस्क अखेर गारगोटीला गेली. तिच्यावरचे ‘उबुंटू’ फोल्डर मी पुसले नाही, कारण ज्या डिस्ककडे आता केवळ जतन केलेली प्रत म्हणून पाहायचे तिच्यावर काहीही लिहू नये असे मला वाटते. पुतण्याने तिच्यावर तारीख घालून एक पट्टी चिकटवली आहे : ‘विंडोज आणि जुनी ड्रॉइंग. कार्यालयातील संगणक हिच्याशिवाय सुरू होतो, तपासले आहे.’